बिनकड्याचा पाइप

३ नोव्हेंबर

धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतलाय. तिच्यावर रागावू नकोस. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, मग माणसानं करायचं काय? तुझ्या बेटावर बोट आठवड्यातून एकदाच लागते म्हणतात. म्हणजे हे तुझ्या हातात पडून उत्तर येईपर्यंत महिना जाईल. तरी लिहितो. काम आहे म्हणून लिहितो, बाकी काही नाही.

तुझी चिमणी आली आहे. परवा दुपारी गॅरेजच्या दारात एक उंच मुलगी उभी राहिली, पाठीला बॅग, पायात मातीचे बूट. मी विचारलं, कुठली गाडी? ती म्हणाली, "आजोबांची." तेव्हा कुठं ओळखलं. नऊ वर्षं झाली की. आता ती पूल तपासते, तुला माहीतच असेल. पुलाच्या पोटाखाली उभं राहून हातोडीनं टकटक करायचं आणि आवाजावरून सांगायचं, आतून पोकळ झालाय की भरीव आहे. बोलतानाही ती तसंच करते.

अप्पांनी गाडी तुझ्या नावावर ठेवली होती. तू नेली नाहीस, ती मागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. चिमणी म्हणते, बाबा नेत नाहीत तर मी नेते. डिसेंबरापर्यंत तिला इथल्याच भागातले पूल तपासायचे आहेत, राहते आमच्याकडेच, आणि मग दोन आठवडे सुट्टी आहे. बंदरापर्यंत नऊशे किलोमीटर स्वतः चालवत यायचं आणि गाडीसकट बोटीवर चढायचं, असा बेत आहे. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. मी सांगितलं हे तिला सांगू नकोस.

जुनं इंजिन जाम झालंय, ते गेलंच. भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या नव्या गाडीचं इंजिन आणलं, समोरून ठोकलेल्या, पण इंजिन धड असलेल्या. ते बसेल. अडलंय पेट्रोलच्या लाईनीवर. जुन्या इंजिनाला पेट्रोल ओघळत गेलं तरी चालायचं. याला ते जोरानं लागतं, दहापट जोरानं, आणि उरलेलं परत टाकीत पाठवायला दुसरी लाईन लागते. जुनी एकच होती आणि तीही गंजून चाळण झाली आहे. पार्टच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि हसला. म्हणाला, काका, ही लाईन बनवायची कधीच बंद झाली, ही गाडी आता कंपनीलासुद्धा आठवत नसेल.

तेव्हा घरीच करावी लागेल. मागच्या आसावरून पाइप वर घेऊन पुन्हा खाली आणताना तू तेरा वळणं काढायचास. कुठून कुठं किती, ती मापं लिहून पाठव. तुझ्या हाताला ती पाठ होती. कागदावर रेघा मारल्यास तरी पुरे.

घरी सगळं ठीक. जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

दादा


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे माहीत आहे. तरी पोस्टमन दिसला की तुझी वहिनी दारात जाते.

इंजिन बसलं. चिमणीला काम जमतं. बोल्ट आवळते आणि आवळून झाल्यावर त्यावर खडूनं रेघ ओढते, म्हणजे पुढं सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल. असं आपल्याला कुणी शिकवलं नाही. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी मला कानफटीत मारून शिकवलं, तेही लक्षात राहतं. ती हसली. पहिल्यांदाच हसली.

भंगारवाल्याकडे अप्पांच्या गाडीची जुळी बहीण मिळाली, झाडाखाली उभी, टायर मातीत गेलेले. दोघांनी खाली झोपून अख्खी लाईन न वाकवता बाहेर काढली. दुपार गेली त्यात. वर धरली तर देखणी होती, सगळी वळणं जागच्या जागी. चिमणीनं नखानं खरवडलं आणि नख आत गेलं. भंगारवाला म्हणाला, "हा पाइप नाही, हा पाइपचा फोटो आहे. भिंतीवर लावा." आम्ही तिघंही हसलो. मग तिनं तो वाळूत ठेवून त्याचा आकार वहीत उतरवून घेतला. पण अप्पांच्या गाडीला मागून एकदा मार बसला होता, तेव्हापासून तिची मापं जगावेगळी. ती फक्त तुझ्या डोक्यात आहेत.

नवा सरळ पाइप आणलाय. वाकवायला सुरुवात केली. अक्षर वाकडं दिसत असेल तर पेनाचा दोष आहे, हाताचा नाही. चिमणीनंही विचारलं, मोठे काका, हात कापतो का? म्हटलं, चहा कमी पडलाय.

नमुना म्हणून उपयोगी पडेल असं काही सापडतं का बघायला ती काल गॅरेजच्या माळ्यावर चढली. तू केलेले पाइप अजून तिथं गठ्ठ्यानं बांधून आहेत. त्यांच्या मागून तिनं एक काळा पडलेला पाइप काढला, वीतभर असेल. विचारलं, हा कुठल्या गाडीचा? मी म्हटलं, भंगार आहे कसलं तरी. तिनं तो टाकला नाही. खाली आणून खिडकीत ठेवला.

एवढंच. मापं पाठव.

दादा


२७ नोव्हेंबर

धाकट्या,

मागच्या पत्रात पेनाचा दोष लिहिला होता. नाचता येईना अंगण वाकडं. हात कापतो. दोन वर्षं झाली. जड कामाला काही वाटत नाही, पण बारीक कामात सुटतं. वळणं कशीबशी येतात. तोंडाचं काम येत नाही.

तुला सांगायला नको, पण सांगतो. पाइपच्या तोंडाला बाहेरून कडं उठवायचं, बांगडीसारखं, सगळीकडे सारखं. त्यावरून रबर चढवायचं आणि कड्याच्या मागं क्लॅम्प आवळायचा, म्हणजे आतून कितीही जोर आला तरी रबर पुढं सरकत नाही. तू करायचास तेव्हा बोट फिरवलं तर नाणं फिरवल्यासारखं लागायचं. मी या आठवड्यात अकरा केली. अकराही एका बाजूला बसकी. चिरली गेली तीन.

अख्खा पाइप आसावरून एका तुकड्यात जात नाही, म्हणून दोन तुकडे केले. मध्ये रबराचा जोड येणार.

चिमणी दुसरंच घेऊन बसली आहे. तो काळा पाइप तिनं खिडकीतून टेबलावर घेतला, फडक्यानं पुसला, भिंग लावून बघितला. काल मी हात धूत होतो, ती मागून म्हणाली, "याच्या एका टोकाला कडं आहे. दुसरं टोक करवतीनं कापलंय."

मी म्हटलं, भंगारवाल्यानं कापलं असेल.

ती म्हणाली, "मग कापलेल्या कडेवर काजळी कशी? आधी कापलाय, मग जळलाय."

तेवढ्यात तुझ्या वहिनीनं जेवायला हाक मारली.  जेवताना वहिनीनं तिच्या आईबद्दल विचारलं, तेवढ्याला चिमणीनं उत्तरं दिली.

तू तिला त्या दिवसाबद्दल काही सांगितलं आहेस का? सांगितलं असशील तर काय सांगितलंस, मला कळव. ती गाडीसाठी आली आहे म्हणते. मला आता तसं वाटत नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसंही असेल. ही ओळ खोडणार होतो, राहू देतो.

दादा


६ डिसेंबर

धाकट्या,

आनंदाची बातमी. काल गाडी चालू झाली. दुसऱ्याच फेरीला धरलं. शेजारचा सुतार रंधा हातात घेऊनच धावत आला, तुझी वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसली आणि गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आली. अप्पा असते तर म्हणाले असते, आवाज परका आहे पण तब्येत बरी आहे.

लाईन चांगली झाली आहे. जोडाला दोन दोन क्लॅम्प लावलेत.

चिमणी अजून चार दिवस थांबून आसपास चालवून बघणार होती. मीच म्हटलं, हवा चांगली आहे, रस्ता कोरडा आहे, उगाच कशाला थांबतेस. उद्या सकाळी निघते आहे. संध्याकाळी तिनं मागच्या चाकापाशी वाकून नाक लावलं आणि म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय का? मी म्हटलं, भरताना सांडलं असेल, सकाळपर्यंत जाईल.

तो काळा पाइप ती बरोबर आणते आहे. रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलाय. बाबांना दाखवते म्हणाली. तुझ्यापुढे ठेवला तर एकदम काही मनात आणू नकोस. जुनी गोष्ट आहे, आणि जळलेल्या लोखंडावरून कुणी काय सांगणार?

ती आली की तिला विचार, काकांनी काम कसं केलं.

दादा


९ डिसेंबर

धाकट्या,

यात दोन पत्रं आहेत. सहा तारखेचं पोस्टात टाकायचं राहिलं होतं. फाडायला घेतलं होतं. चिमणी म्हणाली, असू द्या, तेही जाऊ द्या.

ती जिवंत आहे. आधी हे लिहितो, म्हणजे बाकीचं तू वाचशील.

परवा सकाळी दहाला ती निघाली. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी आत येऊन हत्यारं पुसत बसलो. मला हलकं वाटत होतं. खरं लिहितो आहे, हलकं वाटत होतं. साडेदहाला पोस्टमन आला. तुझं पाकीट.

एकच कागद. तेरा वळणं, प्रत्येकाखाली माप, कुठं थांबून पुन्हा ताणायचं तिथं बाण. बाजूला पाइपच्या तोंडाचं मोठं चित्र. आणि खाली तुझ्या अक्षरात:

"दादा, तोंडाला कडं नीट उठव. बिनकड्याच्या पाइपवर रबर कितीही आवळलं तरी टिकत नाही, जोर आला की सरकतं. वेळ लागला तर लागू दे. माझ्यासारखं करू नकोस."

पहिल्याच पत्राचं हे उत्तर होतं. पुढची दोन तुला तेव्हा पोचलीही नसतील. नऊ वर्षांनी तू मला दादा म्हटलंस, आणि म्हणालास, माझ्यासारखं करू नकोस.

वहिनी दारातच उभी होती. काय लिहिलंय, विचारलं. मी म्हटलं, चिमणीच्या गाडीच्या जोडाला कडं नाही. ती म्हणाली, म्हणजे काय? म्हटलं, म्हणजे औषधवाल्याच्या गाडीला नव्हतं तसं.

ती खुर्चीवर बसली. मग उठली आणि सुताराला हाक मारली.

आता ते लिहितो. तू हे एकटाच असताना वाच.

औषधवाल्याच्या गाडीचा पाइप तू केला होतास, दोन्ही तोंडांना कडं उठवून. बसवायला घेतला तर चार बोटं लांब भरला, पंपापाशी अडायला लागला. तू जेवायला गेला होतास. औषधवाल्याला दुकान उघडायचं होतं, तो दारात उभा राहून घड्याळ बघत होता. तू येईपर्यंत अर्धा तास थांबायला हवं होतं, बस, अर्धा तास. मी करवत घेतली आणि ते तोंड कापलं, कड्यासकट. उघड्या टोकावर रबर चढवलं, क्लॅम्प आवळला, गाडी दिली. तू परत आलास तेव्हा मी सांगितलं, बसला पाइप, छान बसला.

तासाभरानं तो परत आला होता. हे कुणालाच माहीत नाही, तुझ्या वहिनीलाही नव्हतं. तू मागच्या बाजूला टायर बदलत होतास. तो खिडकीतून म्हणाला, वास येतोय हो. मी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हटलं, काम करताना सांडलं असेल, संध्याकाळपर्यंत जाईल. संध्याकाळपर्यंत तोच गेला.

गाडीचा जळका सांगाडा आपल्याच आवारात आणून टाकला होता, आठवतं? चौकशीचे साहेब दोन दिवसांनी आले. त्याआधी मी खाली शिरून तो पाइप काढून घेतला. रबर जळून गेलं होतं. साहेबांनी विचारलं, तोंडं कुणी केली होती? मी म्हटलं, धाकट्यानं. ते खोटं नव्हतं. त्यांनी विचारलं, कडं बसकं आलं असेल का? मी म्हटलं, असू शकतं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू आता बोलशील. पण तू स्वतःच्या हातांकडे बघितलंस आणि म्हणालास, "असेल." त्या आठवड्यात तू तीन गाड्या केल्या होत्यास, झोप धड नव्हती. तुला स्वतःचीच खात्री नव्हती आणि मला ते दिसत होतं.

तू हत्यार खाली ठेवलंस ते ठेवलंसच. चिमणीच्या आईनं घर सोडलं. अप्पा तुझ्याशी बोलेनासे झाले आणि तसेच गेले. एवढं होईपर्यंत दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग. पाइप फेकायला नेला होता दोनदा. दोन्ही वेळा परत आणला. का, ते मला सांगता येत नाही.

आता परवाचं. सुताराच्या व्हॅनमधून निघालो. चिमणी गाडी चालवताना फोन बंद ठेवते, तिचा नियमच आहे. वहिनी सारखी लावत होती, सारखं तेच ऐकू येत होतं. सुतार बिचारा काही न विचारता चालवत होता. मी प्रत्येक वळणावर पुढं धूर दिसतो का बघत होतो. एकदा दिसला. शेतात पालापाचोळा जाळत होते. मी सुताराच्या दंडाला इतकं घट्ट धरलं होतं की त्याच्या दंडावर अजून वळ आहेत.

सत्तर किलोमीटरवर नदीचा लांब पूल आहे. पुलाच्या अलीकडे उतारावर गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. वास मला व्हॅनचं दार उघडताच आला. गाडीखाली ताटाएवढी जागा ओली होती आणि सायलेन्सरवरून कडकड आवाज येत होता, तापलेलं लोखंड निवताना येतो तसा. ती पुलाखाली गेली होती. कुठलाही पूल ती खालून बघितल्याशिवाय ओलांडत नाही, सुट्टीवर असली तरी. पायवाटेनं वर येत होती, किल्ली हातात, शीळ घालत. मी धावलो. या वयात मी असा धावेन असं मला वाटलं नव्हतं. तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि गाडीकडे बोट केलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. टॉर्च काढला आणि रस्त्यावर पाठ टेकून खाली सरकली. बराच वेळ आत होती. मला फक्त तिचे बूट दिसत होते. रबर टोकापर्यंत सरकलं होतं, करंगळीच्या नखाएवढं उरलं होतं. दोन्ही क्लॅम्प जागच्या जागी, घट्ट.

खालूनच म्हणाली, "कडं नाहीये."

मी म्हटलं, नाही.

"त्या काळ्या पाइपलाही नव्हतं."

मी म्हटलं, "होतं. तुझ्या बापानं उठवलं होतं. मी कापलं."

ती बाहेर आली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुला आता लिहिलं तसं, तिच्या बुटांकडे बघत. वहिनी व्हॅनपाशी उभी राहून ऐकत होती. वास येतो म्हणून औषधवाला परत आला होता, ते सांगितलं तेव्हा बूट हलले.

मग ती बाहेर आली. कपाळावर पेट्रोल लागलं होतं, ते तिनं बाहीनं पुसलं. म्हणाली, "एकच विचारते. हा पाइप घेऊन मी बाबांकडे पोचू नये असं तुम्हाला वाटत होतं का?"

मी रात्रंदिवस तेच विचारतो आहे, धाकट्या. मला ती लवकर जायला हवी होती, एवढं मला माहीत आहे. तिच्या प्रश्नांपासून सुटायचं होतं. जोड कच्चा आहे हेही माहीत होतं. ही दोन्ही मला एकाच वेळी माहीत होती आणि मी तिला हात हलवून निरोप दिला. तिला म्हटलं, "माहीत नाही."

ती मान हलवून पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली. सुतारानं गाडी व्हॅनला बांधली. येताना ती वहिनीशेजारी बसली, मी मागं लाकडांत.

तुझा मोठा भाऊ


१४ डिसेंबर

धाकट्या,

नऊ तारखेचं पत्रही चिमणीनं पोस्टात टाकू दिलं नाही. म्हणाली, हे बाबांनी पत्रपेटीतून काढून एकट्यानं वाचायचं पत्र नाही, मी घेऊन जाते. उद्या पहाटेच्या बसनं निघते आहे. हेही तिच्याच हाती देतो.

गाडी इथंच राहिली. तिनं दोन्ही पाइप काढून टाकले. तुझ्या कागदावरून गावाबाहेरच्या नळकामवाल्याकडून नवीन करून घेतले, त्याच्यासमोर दिवसभर बसून. प्रत्येक तोंडावर बोट फिरवून बघितलं. मला गाडीला हात लावू देत नाही. उन्हाळ्यात तुम्ही दोघं मिळून घेऊन जाल, असं तिच्या मनात आहे. ते तुमचं तुम्ही ठरवा.

बुधवारी औषधवाल्याच्या बायकोकडे गेलो. दुकान आता तीच चालवते. चिमणी बरोबर आली. मी म्हटलं होतं एकटा जातो. ती म्हणाली, एकटे गेलात तर तुम्ही थोडंच सांगाल.

बाईंसमोर एक गिऱ्हाईक होतं. त्याला गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यांनी दोनदा समजावलं, मग शटर अर्धं खाली ओढलं. मी सांगितलं. सगळं. त्या काउंटरच्या पलीकडे उभ्या, हात औषधाच्या खोक्यावर. मध्ये एकदाच बोलल्या.

"त्यांना वास आला होता?"

"हो. येऊन सांगितलं मला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी जे म्हटलं होतं ते म्हटलं. त्या खोक्यावरचं नाव वाचल्यासारखं बघत राहिल्या. मी खाली बसलो असतो, पण तिथं बसायला काही नव्हतं आणि बसणं बरंही दिसलं नसतं. मग त्या माझ्याशी नाही, चिमणीशी बोलल्या. "मी तुमच्या दारात येऊन तुझ्या बापाला काय काय बोलले. तू होतीस ना तिथं?"

"होते."

"दर महिन्याला यायचे."

"हो. आई दार लावून घ्यायची."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, तुझा पत्ता विचारला आणि चिमणीनं सांगितला तसा लिहून घेतला. मग मला म्हणाल्या, हे मला सांगून काय होणार, जिथं खोटं सांगितलं तिथं जाऊन सांगा. मी पण येते, मला ऐकायचंय.

उद्या दहाला जायचं आहे. पोलीस ठाण्यातले अधिकारी नवे आहेत, त्यांनी जुनी फाइल शोधायला लावली आहे. काळा पाइप चिमणीनं माझ्या हातात दिला नाही, तो तिनं स्वतः जाऊन त्यांच्याकडे जमा केला आणि पावती घेतली. मला परत पाठवतील की ठेवून घेतील, ते अधिकाऱ्यालाही सांगता आलं नाही. तुझ्या वहिनीनं पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तीन दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली की रक्तदाबाच्या गोळ्या बाजूच्या कप्प्यात आहेत. गॅरेजवर कुलूप आहे. सुतारानं विचारलं, किती दिवस बंद? वहिनीनं त्याला सांगितलं, बंदच.

तुझ्याकडे काही मागत नाही. तू पुन्हा हत्यार हातात घ्यावंस असंही म्हणणार नाही, ते म्हणायचा हक्क मला नाही. फक्त एवढं की त्या पाइपचं उरलेलं कडं मी आणि चिमणीनं दोघांनी भिंगाखाली बघितलं. नऊ वर्षं, आग, काजळी. अजून सगळीकडे सारखं आहे.

हे लिहून झाल्यावर चिमणी म्हणाली, तिन्ही पत्रं वाचून दाखवा, काय घेऊन जाते ते मला माहीत असायला हवं. मी चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायला लागलो. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. "मी करवत घेतली" इथपर्यंत आलो आणि थांबलो. पाण्याचा घोट घेतला. कागद खाली ठेवला. वाटलं, ती म्हणेल, राहू द्या.

ती म्हणाली, "पुढं वाचा."

वाचतो आहे.

तुझा मोठा भाऊ